बोडीचा पाठ

कमरजहाँ बाईंनी शिक्षकांना शिकवण्याची नोकरी तेवीस वर्षं केली आणि त्यातली पहिली अकरा आपण फुकट घालवली, असं त्या चारचौघांत खुशाल सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, बाईंचा विनय. विनयाशी बाईंचं कधी फारसं जमलं नव्हतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, म्हणून त्या तसं सांगत.

चंद्रपूर जिल्ह्यात, मूल-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी डी.एड.चं अध्यापक विद्यालय होतं. बारावी झालेली मुलंमुली तिथं दोन वर्षं शिकत आणि प्राथमिक शाळेचे गुरुजी नाहीतर बाई होऊन बाहेर पडत. कमरजहाँ बाई तिथं १९८४ साली लागल्या. त्यांचे यजमान मुश्ताकभाई एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. दोघांचा संसार आगाराच्या मागच्याच गल्लीत होता.

या विद्यालयातलं शिकणं म्हणजे मुख्यतः सराव पाठ. जवळच्या शाळेत जाऊन खऱ्याखुऱ्या मुलांपुढे पस्तीस मिनिटं शिकवायचं आणि मागच्या बाकावर बसून बाईंनी शेरा लिहायचा, गुण द्यायचे. पाठाच्या आधी त्याचं टाचण लिहावं लागे. आपण काय सांगणार, कोणते प्रश्न विचारणार, मुलं काय उत्तरं देणार, सगळं त्यात. होय, मुलांची उत्तरंसुद्धा आधीच लिहून ठेवायची, आणि मुलंही बिचारी इतकी गुणी की नेमकी तीच उत्तरं द्यायची. ही टाचणं मागच्या वर्षीच्या वह्यांतून उतरवलेली असत आणि त्या वह्या त्याच्या मागच्या वर्षीच्या. मूळ टाचण कुणी लिहिलं ते देव जाणे.

सगळ्यांचा लाडका पाठ होता 'जंगलाचे उपयोग'. डिसेंबर लागला की बसस्टँडसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलच्या पाट्यांचा ढीग लागे. पोरं त्याची झाडं कापत, हिरवी रंगवत, वर कापसाचा ढग चिकटवत. शाळेच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर झाडाला लागेल असला हा मुलूख, आणि वर्गात जंगल म्हणून थर्माकोल! बाई मागे बसून लिहीत, 'शैक्षणिक साधन आकर्षक.' अकरा वर्षं त्यांनी हेच लिहिलं.

मग १९९५च्या जानेवारीत एका खेड्यातल्या शाळेत असाच पाठ चालू होता. छात्राध्यापिकेनं टेबलावर थर्माकोलचं झाड उभं केलं आणि विचारलं, "हे काय आहे?" सगळा वर्ग ओरडला, "झाऽड!" तिसरीतली एक मुलगी तेवढी उभी राहिली.

"मॅडम, हे कोनतं झाड होय?"

"झाड आहे गं. खाली बस."

"पन झाडाले नाव असते ना," ती पोर म्हणाली, आणि खिडकीबाहेर बोट दाखवून भराभर सांगू लागली, "तो येन होय, तो धावडा, अन् मांगचा तो बिजा. हे कोनतं?"

छात्राध्यापिकेनं मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अकरा वर्षं त्या या शाळेत येत होत्या. समोरच्या तिन्ही झाडांची नावं त्यांना त्या दिवशी, तिसरीतल्या पोरीकडून कळली. बाईंना इतकी लाज वाटली की शेऱ्याचा रकाना कोराच ठेवून त्या घरी आल्या.

बाई मूळच्या भद्रावतीच्या. त्यांचे अब्बा आठवडी बाजारात बांगड्या भरत. गिऱ्हाईक समोर बसलं की ते आधी हात हातात घेत, पंजा दाबून पाहत आणि मगच बांगडी काढत. हात न पाहता बांगडी काढणारा चुडीवाला बाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. गाव न पाहता पाठ काढणारे गुरुजी मात्र त्या स्वतः दरसाल चाळीसच्या चाळीस तयार करत होत्या. हे त्यांच्या मनात आलं आणि मग काही ते जाईना.

पुढच्या सत्राला बाईंनी फळ्यावर लिहून टाकलं की थर्माकोल बंद आणि जुन्या वहीतून उतरवलेलं टाचण दिसलं तर शून्य. प्रत्येकानं ज्या गावात पाठ घ्यायचा तिथं आधी दोन दिवस जाऊन राहायचं, तीन माणसांशी बोलायचं आणि गावातली अशी एक वस्तू निवडायची जी ओरबाडली तर संपते आणि जपली तर पुरते. मग ती वस्तू मुलांबरोबर जाऊन पाहायची आणि टाचण त्यानंतर लिहायचं.

मुलं आधी चांगलीच कुरकुरली. तयार वही गेल्याचं दुःख मोठं होतं. प्राचार्य गुणवंतराव तर दुसऱ्याच दिवशी बाईंच्या टेबलाशी आले. गुणवंतराव भला माणूस, पण कागदाशिवाय पाऊल टाकायचा नाही. त्यांच्या खिशात आम्लपित्ताच्या गोळ्या असत.

"मॅडम, हे कोण्या परिपत्रकात आहे?"

"कोणत्याच नाही, सर."

"मग उद्या वरून काही आलं तर मी सांगीन, मले काही माहीत नव्हतं."

"खुशाल सांगा," बाई म्हणाल्या.

गुणवंतराव गोळी चघळत निघून गेले आणि जाताना नव्या टाचणवह्यांवर सही करून गेले.

मग काय पाठ होऊ लागले! कोणी मोह वेचणाऱ्या बायांबरोबर फिरून आलं, कोणी बुरडाकडे बसून बांबू कधी तोडायचा नि कधी नाही ते शिकून आलं. कोरपन्याचा अश्विन नावाचा मुलगा होता. त्यानं चौथीच्या मुलांपुढे एका हातात धानाची लोंबी धरली, दुसऱ्या हातात चुनखडीचा दगड, आणि विचारलं की यातलं पुन्हा उगवणारं कोणतं. मुलं त्यावर अर्धा तास भांडली. बाई मागच्या बाकावर बसून ऐकत राहिल्या, शेरा लिहायचं भानच राहिलं नाही. नोकरीत मजा असते हे त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तीन वर्षं असं सुरळीत चाललं. चौथ्या वर्षी रोशनीची वही वर गेली.

रोशनी खोब्रागडे चिचगावची. बाप गुलाब दुसऱ्याच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, मजुरी करायचा. घरात बारावी ओलांडलेली तीच पहिली. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही, पण गावात सोडली की तिच्या प्रश्नांना अंत नसे. चिचगावची शाळा सराव पाठांना होतीच, म्हणून तिला तिचंच गाव मिळालं आणि तिनं पाठाला घेतली गावची बोडी.

बोडी म्हणजे पावसाचं पाणी पाळ घालून अडवलेलं लहान तळं, खालच्या दोन-चार शेतांच्या धानापुरतं. तलावाची धाकटी बहीण म्हणा. झाडीपट्टीत गावोगाव बोड्या आहेत. माणूस पाळण्यात असल्यापासून हा शब्द ऐकतो, त्यामुळे तो कुणाला समजावून सांगावा लागेल असं कुणाच्या मनातही येत नाही. रोशनीच्या आलं नाही, बाईंच्याही नाही.

तिनं दोन दिवस बोडीवर काढले. पाणी सोडायच्या तोंडाला तिकडे तुडूम म्हणतात. ते तुडूम वर्षानुवर्षं पोचूभाऊ सांभाळत होते, त्यांना तिनं गाठलं. शेजारच्या म्हाताऱ्या अंजनाबाईंकडून जुन्या गोष्टी काढल्या. मग चौथीची बावीस मुलं घेऊन ती बोडीवर गेली आणि मुलांनी बांबू बुडवून गाळ मोजला. पूर्वी लोक दर उन्हाळ्यात तो गाळ काढून आपल्या बांधीत टाकत. युरियाची पोती आली तसं ते बंद पडलं आणि बोडी गाळानं भरत गेली, हे मुलांनी स्वतः विचारून काढलं. बाईंनी पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण दिले.

अंतर्गत गुण खरे की खिरापत वाटल्यासारखे, हे तपासायला दरवर्षी पाच टाचणवह्या वरच्या कार्यालयात जात. त्या वर्षी त्यात रोशनीची होती. फेब्रुवारी १९९९च्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. गुणवंतरावांनी ते वाचलं आणि एकदम दोन गोळ्या तोंडात टाकल्या.

पत्रात लिहिलं होतं की कु. रोशनी खोब्रागडे यांच्या टाचणात, पृष्ठ एक ते तीनवर, विधवा स्त्रियांविषयी अत्यंत अवमानकारक शब्दयोजना व अशोभनीय प्रश्न आढळले आहेत. अशा पाठास चव्वेचाळीस गुण दिले जात असतील तर सदर विद्यालयाची सराव पाठांची पद्धतच सदोष आहे. तरी चाळीसही छात्राध्यापकांचे अंतर्गत गुण रद्द का करू नयेत? पडताळणी अधिकारी पंचवीस तारखेला, जिथे पाठ झाला त्या शाळेत, समक्ष सुनावणी घेतील.

अंतर्गत गुण रद्द म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. एकट्या रोशनीचं नाही, चाळीस जणांचं. त्यातली निम्मी घरं अशी होती की पोराला आणखी एक वर्ष शिकवायची त्यांची ताकदच नव्हती.

"विधवा?" बाई म्हणाल्या. "यात विधवा कुठून आली?"

दिवसभर बाई, गुणवंतराव आणि रोशनी तिघं त्या वहीच्या प्रतीवर डोकं घालून बसली. पान उलटून, सुलटून, बोट ठेवून. शेवटी गुणवंतराव ओरडले, "सापडलं!" पहिल्याच पानावर माहिती देणाऱ्यांची नावं होती. पोचू आत्राम, वय पासष्ट. अंजनाबाई रामटेके, विधवा, वय सत्तर.

"हेच ते. विधवा म्हणून लिहायची गरज काय होती, बेटा?" गुणवंतराव हताश होऊन म्हणाले. रोशनीला रडूच कोसळलं. आपल्या एका शब्दानं चाळीस जणांचं वर्ष बुडणार, या विचारानं ती पोर दोन दिवस नीट जेवली नाही.

तिघं जण चिचगावला अंजनाबाईंची माफी मागायला गेली. अंजनाबाई अंगणात मोहाच्या पत्रावळी लावत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"वीस वर्सं झाले माहा बुढा जाऊन. विधवाच तं होय मी! मंग पोरीनं दुसरं काय लिवाव? मले काऊन वाईट वाटन?"

"तुम्ही साहेबांपुढं एवढं सांगाल?" बाईंनी विचारलं.

"येतो न मी. नवं लुगडं नेसून येतो."

बाईंना तेवढ्यानं धीर आला नाही. अशा एका शब्दासाठी कोणी चाळीस जणांचं वर्ष बुडवत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांना वाटलं, शब्द हे निमित्त, डोळ्यात खुपते आहे ती आपली पद्धत. वहीतून उतरवलेले पाठ कधी कोणाला सदोष वाटले नव्हते. घरी त्या मुश्ताकभाईंना म्हणाल्या, "माझ्या हट्टापायी चाळीस लेकरं रस्त्यावर येतील."

मुश्ताकभाई साबणानं हाताचं ऑइल काढत होते. "पहिले इंजिन खोलून तं पाहू द्या त्यांना. बाहेरून आवाज ऐकून कोन्ताही बिघाड समजत नसते," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात फार अर्थ आहे असं बाईंना तेव्हा वाटलं नाही.

पंचवीस तारखेला पडताळणी अधिकारी वझे साहेब चिचगावला चंद्रपूरच्या एसटीनं उतरले. साठीला आलेले, किडकिडीत, वाईकडचे, आयुष्यभर मराठी शिकवलेले गृहस्थ. चहाला नको म्हणाले, पण नमस्कार सगळ्यांना केला, अगदी शिपायालाही. शाळेच्या एका खोलीत टेबल मांडलं होतं. अंजनाबाई बाहेर ओट्यावर, नवं लुगडं नेसून.

साहेबांनी पहिला प्रश्न गुणवंतरावांना केला. "प्राचार्य, हे टाचण तुम्हाला ठाऊक होतं?"

बाईंनी मान खाली घातली. गुणवंतरावांचं चार वर्षांपूर्वीचं 'मले काही माहीत नव्हतं' त्यांना आठवत होतं आणि त्यांनी ते खरं केलं तरी बाई रागावणार नव्हत्या.

गुणवंतराव म्हणाले, "ठाऊक होतं, साहेब. माझी सही आहे त्याच्यावर."

वझे साहेबांनी वही पुढं सरकवली. "तो शब्द मी तोंडानं उच्चारणार नाही. तुम्हीच वाचा, बाई. पान दोन, प्रश्न तिसरा."

बाईंनी वाचलं, "बोडीवर पहिला हक्क कोणाचा?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "उत्तर?"

"खालच्या बांधीवाल्याचा. त्याचं झालं की त्याच्या खालच्याचा."

"पुढचा प्रश्न."

"एका बोडीत किती जणांचं भागतं? उत्तर, चौघांचं."

"बस!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आणि हे चौथीच्या मुलांपुढं!"

"सर," रोशनी कापऱ्या आवाजात म्हणाली, "उत्तरं मुलांनीच दिली. त्यांना घरून माहीत होतं."

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "ज्यांना बघायला तुम्ही मुलांना घेऊन गेलात, त्या बाई हयात आहेत?"

गुणवंतरावांना वाटलं, आता अंजनाबाईंची वेळ आली. ते लगबगीनं उठून त्यांना आत घेऊन आले. वझे साहेब उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. अंजनाबाईंचा पांढराशुभ्र भरगच्च अंबाडा पाहून ते जरा घोटाळले, पण बोलले अगदी हळुवारपणे.

"आजी, ही मुलं बघायला आली होती?"

"आले होते न. बावीस लेकरं."

"तुम्हाला अपमान नाही वाटला?"

"कायचा अपमान? म्या तं साऱ्याईले मुरमुरे देल्ले."

"काय करत होती मुलं?"

"बांबू खुपसून पाहत होते, किती खोल हाय म्हनून."

"कशात?"

"बोडीत!"

वझे साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्याकडे पाहता पाहता बाईंच्या मनात पहिल्यांदा काहीतरी चमकलं. त्यांनी सावकाश विचारलं, "साहेब, तुम्ही बोडी पाहिली आहे का?"

"पाहिली आहे," साहेब खोल आवाजात म्हणाले. "आमच्या घरातच होती."

"घरात?" अंजनाबाईंनी गालाला हात लावला. "अवं माय! मंग घर नाई बुडालं?"

मग कमरजहाँ बाई उठल्या. "चला साहेब. इथून दहा मिनिटांवर आहे. पायीच जाऊ."

सगळी वरात निघाली. पुढं बाई आणि साहेब, मागं गुणवंतराव, रोशनी, अंजनाबाई. धानाच्या कापलेल्या बांध्या ओलांडून ती पाळीवर चढली. फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन होतं, बोडी अर्धी भरलेली होती, कडेला कमळाची पानं. चार बदकं पोहत होती आणि पोचूभाऊ तुडमापाशी कुदळ घेऊन उभे होते.

"ही बोडी," बाई म्हणाल्या.

वझे साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. मग हातातल्या वहीकडे पाहिलं. चौथं पान उलटलं, पाचवं उलटलं. बांबू, गाळ, पाळ, धान, मासे, सगळं तिथं नीट लिहिलेलं होतं. ते तसेच पाळीवर खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले, आणि पुसत राहिले. तेव्हा ते नुसतं हसणं नाही हे सगळ्यांना कळलं.

"माझी आत्या होती," ते म्हणाले. "एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. केस काढले तिचे. आमच्याकडे अशा बाईला बोडी म्हणत. गल्लीतली पोरं याच शब्दानं हाक मारायची आणि ती खाली मान घालून पाणी आणायला जायची. मी वहीत तो शब्द पाहिला, तिसऱ्या पानापर्यंत कसंबसं वाचलं आणि वही मिटली. पुढचं पान मी उलटलंच नाही, बाई."

बाईही तिथंच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, गवतावर बसल्या. वीस दिवस छातीवर असलेलं ओझं एकाएकी उतरलं. पद्धत चुकली नव्हती. चाळीस लेकरांचं काही जाणार नव्हतं. त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि त्या थोडं रडल्याही. रोशनी अंजनाबाईंच्या गळ्यात पडली. गुणवंतरावांनी खिशातली गोळी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली.

पोचूभाऊंना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कुदळ खाली ठेवून विचारलं, "काय झालं भाऊ? कोनी गेलं काय?"

"नाही," वझे साहेब म्हणाले. "सगळे वाचले."

मग साहेबांनी तिथंच पाळीवर बसून अख्खी वही पहिल्या पानापासून वाचली. रोशनीला प्रश्न विचारले, गाळ किती, तो पुन्हा बांधीत टाकला तर खत किती वाचेल, खालच्या बांधीवाल्याचा पहिला हक्क कोणी ठरवला. रोशनी बोलायला लागली ती थांबेना. जिथं ती अडली तिथं पोचूभाऊंनी सांगितलं. जाताना साहेबांनी शेरा लिहिला, 'पाठ उत्कृष्ट. सर्व चाळीस जणांचे गुण कायम.' सही करून ते बाईंकडे वळले.

"एक विचारू, बाई? पत्र आलं तेव्हाच तुम्ही या शब्दाचा अर्थ का नाही कळवलात? दोन ओळींत काम झालं असतं."

"साहेब, या शब्दाला आणखी काही अर्थ असेल हे आम्हाला माहीतच नव्हतं," बाई म्हणाल्या. "आम्ही गावात जायला शिकवलं, माणसांना विचारायला शिकवलं. पण आपला शब्द दुसऱ्याच्या कानात काय होऊन पडतो, हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं. ते आता शिकवू."

त्याच वर्षापासून टाचणाच्या पहिल्या पानावर एक नवा रकाना आला. पाठातल्या वस्तूला या गावात काय म्हणतात, दुसऱ्या गावात काय म्हणतात आणि वर्गातल्या मुलांच्या घरी काय म्हणतात. गोंडी बोलणाऱ्या मुलांचे शब्द त्यात प्रथमच वहीवर आले. काही वर्षांनी वरून एक जाडजूड पुस्तिका आली, तिचं नाव शाश्वत विकासाभिमुख अध्यापक शिक्षण. बाईंनी ते नाव तीनदा वाचलं, आतलं चाळलं आणि गुणवंतरावांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "घ्या सर, आलं तुमचं परिपत्रक," त्या म्हणाल्या. गुणवंतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

पण एक घोर बाईंना होताच. सराव पाठ मागच्या बाकावर बाई बसलेल्या असतात म्हणून चांगला होतो. नोकरी लागल्यावर दूर कुठल्या खेड्यात, पाहायला कोणी नसताना, पोरं पुन्हा जुन्या वहीकडेच वळत असतील तर? हे कळायला मार्ग नव्हता.

रोशनीला शिक्षणसेवकाची नेमणूक मिळाली ती मुलचेऱ्याकडे, निर्वासित बंगाली कुटुंबांच्या एका गावात. महिन्याभरानं तिचं अंतर्देशीय पत्र आलं. बाईंनी ते स्टाफरूममध्ये उभ्यानंच फोडलं.

"बाई, माझ्या वर्गात इथीही बावीसच लेकरं आहेत, अन् त्यांच्या घरी बंगाली बोलतात. पहिल्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही. लेकरांसोबत गावभर फिरले. ते एकेक नाव सांगत गेले अन् मी वहीत लिहून घेत गेले. बोडीले इथी पुकुर म्हणतात. मुख्याध्यापक सर म्हणाले, पहिलाच दिवस वाया घालवला मॅडम. मी म्हटलं, नाई सर, आज माझा पाठ होता. बावीस गुरुजी होते शिकवायला."

बाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग त्या मागच्या बाकावर बसतात तशा खुर्चीत सैल बसल्या, आणि तिथं कोणी नव्हतं तरी मोठ्यानं म्हणाल्या, "पास!"